रसिकाचा वांग

१

अस्मिताला आरशाचं वेड कधीच नव्हतं. वेड असायला वेळ लागतो, आणि तिच्या सकाळीत तो कुठेच शिल्लक राहत नसे. दूध तापवायचं, उन्मेषचा डबा भरायचा, चहा उभ्याउभ्या प्यायचा, तोंडाला ओढणी गुंडाळायची आणि स्कूटर काढायची. बडोद्यातल्या अकोट्याहून पुलापलीकडच्या शाळेत ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. पुलाखाली विश्वामित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असली, तरी मान वळवून बघायची तिला फुरसत नसे. अशा बाईच्या कपाटात तोंडाला लावायच्या वस्तू किती असणार? एक पावडरचा डबा आणि एक कोल्ड क्रीम, तेही मागच्या थंडीतलं.

त्या कपाटात रसिकाने एक छोटी तपकिरी बाटली आणून ठेवली. रसिका ही अस्मिता-उन्मेषची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरी करायची आणि संक्रांतीला पतंग उडवायला न चुकता बडोद्याला यायची. यंदा तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला व्हायचा होता, आणि लग्न ठरल्यापासून घरातल्या प्रत्येकाच्या रूपाची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली होती. बाबांना नवा चष्मा करून झाला होता, आता आईची पाळी होती.

"व्हिटॅमिन सी आहे आई. रोज सकाळी तीन-चार थेंब. सुरकुत्या कमी होतात, डाग जातात. तुझा वांगसुद्धा जाईल."

"व्हिटॅमिन सी मला शिकवतेस? वर्षानुवर्षं पोरांना शिकवतेय मी ते."

"मग लावलं का नाहीस कधी?"

अस्मिताने गालावरून हात फिरवला. तिच्या डाव्या गालाच्या हाडावर आंब्याच्या कोयीएवढा एक तपकिरी वांग होता. रसिका पोटात असताना, सातव्या महिन्यात तो आला. बाळंतपणानंतर आपोआप जातो असं सगळ्या जणी सांगत होत्या. तो काही गेला नाही. रसिका लहान असताना मांडीवर बसून त्याच्यावरून बोट फिरवायची आणि "हा माझा" म्हणायची.

"साखरपुड्याचे फोटो जन्मभर राहतात," रसिका म्हणाली आणि आईला तिने खुर्चीत बसवलं. पहिले थेंब तिने स्वतःच्या बोटांनी लावले. वास गंजलेल्या खिळ्यासारखा होता आणि गाल थोडा चुरचुरला. अस्मिताला ते सगळं फार आवडलं. लेकीचा हात गालावर फिरून किती वर्षं झाली होती.

उजेडात आणि हवेत हे द्रव्य लवकर खराब होतं, पिवळं पडतं, मग कामाचं राहत नाही. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने बाटलीला चांदीचा कागद गुंडाळला आणि फ्रिजच्या दारात चटणीशेजारी ठेवली. उन्मेषने एकदा ती चटणी समजून जवळजवळ भाकरीवर ओतली होती. त्यावरून घरात दोन दिवस हसणं चाललं.

२

मार्च सुरू झाला आणि शाळेत बायकांचं लक्ष जाऊ लागलं. "शुं लगावो छो, अस्मिताबेन?" काय लावता म्हणून शिक्षकांच्या खोलीत जी ती विचारू लागली. डोळ्यांखालची कातडी ताठ झाली होती. ओठांच्या कडेच्या रेघा पुसट झाल्या होत्या. वांग कडेकडेने विरत चालला होता. अस्मिता वरवर "छे हो, काही नाही" म्हणायची आणि आतून सुखावायची. आता स्कूटरच्या आरशातही ती एक नजर टाकून घेई.

रसिकाचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला यायचा. एका संध्याकाळी पडद्यावर तिचा चेहरा जरा पांढरा दिसला.

"तुझ्या तोंडावर उजेड फार येतोय गं. खिडकीकडे पाठ कर."

"पाठच आहे आई."

मागचं कपाट, कपाटावरची गणपतीची मूर्ती, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त रसिकाच्या चेहऱ्याच्या कडा दिसत नव्हत्या. केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. नेटवर्क असेल, अस्मिताने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं. तिसऱ्या दिवशी तिने उन्मेषला बोलावून दाखवलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं, "ठीक तर दिसतंय," म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. लेकीशी एक शब्दही बोलला नाही. एरवी हाच माणूस फोन हातातून सोडायचा नाही.

३

शेजारच्या जागृतीबेन कैरीचा छुंदा करायला घेणार होत्या. दोन घरांचा छुंदा दर उन्हाळ्यात एकत्रच व्हायचा. किती कैऱ्या आणायच्या ते विचारायला त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तमे तो बे ज जण छो, तमारे केटलो जोईए?"

"दोघंच कशी? रसिकाला पुण्याला न्यायला बरणी नको का? आणि यंदा तिच्या सासरचीही आहेत."

जागृतीबेन हसल्या. ऐकू न आल्यावर माणूस हसतो तसं हसल्या आणि वाटीतली खांडवी पुढे करून निघून गेल्या. रसिकाचा जन्म झाला तेव्हा पहिलं झबलं याच बाईने शिवलं होतं.

अस्मिताला दिवसभर ते हसणं टोचत राहिलं. तिने स्वतःची समजूत घातली. बाईंचं वय झालं, विसरल्या असतील. पण मन काही स्वस्थ बसेना. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना तिला मध्येच वाटे, आत्ता फोन करून बघावा. डब्यातली पोळी तशीच परत जाऊ लागली.

त्याच आठवड्यात अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. दरवर्षीचंच. आयोडीन आणि स्टार्च मिसळून गर्द निळा रंग करायचा आणि त्यात थेंबथेंब व्हिटॅमिन सी सोडायचं. एका क्षणी रंग जातो आणि पात्रात पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उरतं. मुलं गेल्यावर अस्मिताने पर्समधून चांदीच्या कागदातली बाटली काढली. ती घरून घेऊन आली होती आणि का आणली हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. थेंब टाकला. निळा रंग मुकाट्याने गेला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बाटलीत साधं, चांगल्या प्रतीचं व्हिटॅमिन सी होतं. तिने पात्र खिडकीशी धरून पाहिलं. नळ नीट बंद नव्हता, तेवढाच आवाज खोलीत होता.

रंग जातो, पण आयोडीन नाहीसं होत नाही, त्याचं रूप बदलतं, ते पाण्यात तिथेच असतं. हे वाक्य ती पोरांना दरवर्षी ठासून सांगायची. आज तिने ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं आणि तिला बरं वाटलं नाही.

४

"आई, एक विचारू? हसू नकोस."

त्या संध्याकाळी व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज होता. आवाजही दूरच्या खोलीतून यावा तसा.

"विचार ना."

"इथे कुणी मला हाक मारत नाही गं. म्हणजे बोलत नाहीत असं नाही. पण मी बोलले की लोक माझ्या शेजारच्या माणसाकडे बघून उत्तर देतात. सकाळी ऑफिसच्या गेटवर माझं कार्ड चाललं नाही. निहारला मेसेज केला. त्याने विचारलं, आपण कोण?"

निहार म्हणजे तिचा होणारा नवरा. अस्मिताने कप खाली ठेवला.

"भांडलात का?"

"नाही गं." फोनमध्ये खरखर वाढली. मग रसिका रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, माझं नाव घे ना एकदा."

"रसिका."

"अजून एकदा."

"रसिका. रसिका, बाळा, तू आधी घरी ये बघू. आज बस मिळेल ती पकड."

"येते," ती म्हणाली. पुढचं ऐकू आलं नाही. अस्मिताने पुन्हा नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई तिला गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगत राहिली.

ती धावत न्हाणीघरात गेली. का गेली ते तिला तिथे पोचल्यावर कळलं. दिवा लावून तिने डावा गाल आरशाशी नेला. कातडी एकसारखी, नितळ, कोवळी होती. वांग होता त्या जागी बोट ठेवलं, तर जागाच सापडेना.

५

उन्मेष वाईट माणूस नव्हता. मकरपुऱ्याच्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी झाली होती, आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं. म्हणूनच रसिकाबद्दल विचारल्यावर तो जे बोलला ते ऐकणं अधिक भयंकर होतं.

"अगं, मागची खोली आपण घर घेतलं तेव्हापासून रिकामीच आहे. मी म्हणत होतो तिथे चालायचं मशीन ठेवू."

अस्मिताने रसिकाच्या खोलीचं दार ढकललं. खोली झाडलेली होती. पलंग नव्हता. भिंतीला चिकटपट्टीचे डागसुद्धा नव्हते. तिने कपाट उघडलं. आत एकच वस्तू होती, साखरपुड्यासाठी घेतलेली हिरवी पैठणी, दुकानाच्या पिशवीत.

"ही कुणासाठी घेतली?" तिने विचारलं.

"तूच घेतलीस की. कुणाच्या तरी लग्नाला जायचंय म्हणालीस."

"रसिकाच्या, अहो! आपल्या मुलीच्या!"

उन्मेष तिच्याजवळ आला. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि तिला पैठणीच्या पिशवीशेजारी जमिनीवर बसवलं. "अस्मिता," तो हळूच म्हणाला, "आपल्याला मूल नाही. आपण किती डॉक्टर केले, आठवतंय ना? आता पुन्हा ते नको काढूस. मला त्रास होतो गं."

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तिने झटकन उठून पोटावरची साडी बाजूला केली. शस्त्रक्रियेचा आडवा व्रण जागेवर होता. "हा कसला मग?"

"गाठीचा. ती काढली तेव्हा मीच नव्हतो का दवाखान्यात?"

सगळं जुळत होतं. हीच मोठी पंचाईत होती. अस्मिता शास्त्राची बाई. उन्मेष, जागृतीबेन, फोनवरची ती बाई, सगळे एका बाजूला आणि आपण एकट्या दुसऱ्या बाजूला असलो, तर चूक कुणाची धरायची ते तिला ठाऊक होतं. डोकं फिरलंय माझं, तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण फोनवरचा तो आवाज काही तिच्या कानातून जाईना. माझं नाव घे ना एकदा. आपलं डोकं फिरलेलं असलं तरी चालेल, पण ती पोर कुठेतरी बसस्टँडवर उभी असेल आणि कंडक्टर तिच्याकडे बघत नसेल, हा विचार तिला सोसवेना.

फ्रिजमधली बाटली तिने मोरीत पालथी केली. थेंब जाळीवर पडले. तिने नळ सोडला आणि बराच वेळ सोडलेलाच ठेवला.

६

वांगाची खोड तिला माहीत होती. गेलेला वांग उन्हाने परत येतो. म्हणून तर सगळ्या जणी ओढणी गुंडाळतात, सनस्क्रीन फासतात. वांग आला तर त्याच्यामागे रसिकाही येईल, असं तिच्या मनाने घेतलं.

एप्रिलचं बडोद्याचं ऊन. दुपारी कुत्रीसुद्धा गाड्यांखाली सरकतात. अस्मिताने शाळेत रजा टाकली आणि गच्चीवर जाऊन बसली. गच्चीत जागृतीबेनच्या छुंद्याची पातेली मांडलेली होती, त्यांच्या तोंडांना मलमल बांधली होती. कैरी आणि साखर उन्हात मुरत होती, आंबटगोड वास दाटून राहिला होता. तिने चटई पातेल्यांशेजारी टाकली, डावा गाल सूर्याकडे धरला आणि ओठांत एकच नाव घोळवत राहिली. नाव विसरलं तर सगळंच संपलं, अशी तिला धास्ती होती.

छुंदा हलवायला आलेल्या जागृतीबेन दचकल्या. "अरे, आ शुं करो छो! चामडी बळी जशे, अस्मिताबेन!"

"जळू दे."

चामडी जळलीच. आधी लाल झाली, मग सोलली, मग पुन्हा लाल झाली. रात्री उन्मेष तिच्या तोंडाला कोरफडीचा गर लावायचा. ती पहाटे उठून तो धुऊन टाकायची आणि पुन्हा वर जायची. सावली सरकली की चटई सरकवायची. डोळे मिटले की पापण्यांच्या आत तांबडं दिसे. त्यात मधूनच तिला जिन्यावर कुणीतरी थांबल्याचा भास होई. डोळे उघडले की पातेल्यांवरची मलमल तेवढी हलताना दिसे.

एका सकाळी तोंड धुताना तिला तो दिसला. डाव्या गालावर, तपकिरी. अस्मिता आरशासमोर हमसून हमसून रडली.

रडून झाल्यावर तिने नीट पाहिलं. जुना वांग हाडावर होता, हा खाली जबड्याकडे झुकलेला होता. आकार कोयीचा नव्हता, कडा फाटल्यासारख्या होत्या. कपाळावर भुवईच्या वर आणखी एक उमटला होता. वरच्या ओठावर सावली धरली होती, आणि उजवा गालही काळवंडायला लागला होता. ऊन जास्तच झालं होतं. पण वांग आला होता, आणि तिने अधिक विचार करायचं टाळलं.

त्याच दिवशी दुपारी तिला मागच्या खोलीतून धपधप आवाज आला. उन्मेष गाद्या झटकत होता. चालायचं मशीन कुठे दिसत नव्हतं.

"फोन आला होता," तो आनंदाने म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पोचते म्हणाली."

अस्मिताने चौकट धरली. "कोण?"

"कोण म्हणजे काय? तुझी लेक!"

तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तेवढ्यात तिचं लक्ष गाद्यांकडे गेलं. त्या एकावर एक रचलेल्या होत्या, खिडकीच्या गजापर्यंत.

"अहो, एवढ्या गाद्या कशाला?"

"लागतील की," उन्मेष म्हणाला आणि पुढची गादी झटकायला घेतली.

७

बेल वाजली तेव्हा ऊन अजून जिन्याच्या जाळीतून आत येत होतं. अस्मिताने धावत जाऊन दार उघडलं. जाळीकडे पाठ करून एक मुलगी उभी होती, खांद्याला पिशवी होती. उजेड मागून असल्याने चेहरा धड दिसेना.

"आई," ती म्हणाली.

शब्द बरोबर होता. आवाज जवळजवळ बरोबर होता. अस्मिताने दोन्ही हात पुढे केले आणि ते हवेतच राहिले. मुलीची हनुवटी अस्मिताची होती, कान उन्मेषचे होते. कुठेही पाहिली असती तर ही यांचीच पोर असं कुणीही म्हटलं असतं. पण ती रसिका नव्हती. हे कळायला आईला उजेड लागत नाही.

मुलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी माया होती. "किती भाजून घेतलंस गं," ती म्हणाली आणि अस्मिताच्या जबड्यावरच्या डागावर तिने बोट ठेवलं. बोट गार होतं. "हा माझा."

अस्मिता एक पाऊल मागे सरली. "रसिका कुठे आहे?" तिने विचारलं.

मुलीने जरा विचार केला. तिला प्रश्न कळला की नाही कोण जाणे. मग तिने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली आणि हाक मारली.

"या गं वर. आई घरीच आहे."

खाली पावलं वाजू लागली. घाईची पावलं होती, एकीची नव्हती. कुणीतरी हसलं, कुणीतरी दुसरीला पुढे ढकललं. वळणावरच्या भिंतीवर सावल्या चढल्या, एकमेकींत मिसळल्या, पुन्हा सुट्या झाल्या. अस्मिताचा हात नकळत तोंडाकडे गेला. कपाळ, वरचा ओठ, उजवा गाल, सगळं आतून गरम लागत होतं.

दार लावून घ्यावं. कडी हाताशी होती, एक धक्का पुरला असता. अंगातला कण न् कण तिला तेच सांगत होता. पण खालून येणाऱ्या पावलांत एखादं रसिकाचं असलं तर? ती सगळ्यांत मागे असेल, दमलेली असेल, आताही कुणी तिच्याकडे बघत नसेल, आणि वर पोचून तिला दार बंद दिसलं तर?

"आल्या का सगळ्या?" उन्मेषने आतून विचारलं. "चहा टाकू?"

अस्मिताने कडीवरचा हात काढला आणि दार भिंतीपर्यंत उघडलं.

"टाका," ती म्हणाली, आणि वळणावरून वर येणारा एकेक चेहरा बघत उभी राहिली.